मामाची पसाट, तापलेलं डावं चाक आणि चावलेली ओ-रिंग

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मामा चिपळूणहून पुण्याला आला तो गेटमधूनच ओरडत आला, "अरे गाडीला वास मारतोय, खेड शिवापूरच्या टोलनाक्यापासून काहीतरी जळतंय." मी खाली गेलो तर वास ओळखीचाच होता, ब्रेकचे लायनर म्हणजे पॅड जळाल्याचा. मागच्या डाव्या चाकाच्या ॲलॉयवर काळी भुकटी अशी बसलेली की बोट फिरवलं तर रेघ उमटत होती, आणि उजवं चाक त्यामानाने स्वच्छ. घरात कोविडच्या वेळची कपाळाला लावायची बंदूक होती ती आणली, पण ती माणसासाठी, ४२-४३ च्या पुढे तिला काही कळत नाही, नुसतंच "हाय" दाखवून गप्प. मग बाटलीतलं पाणी चार थेंब डिस्कवर (पॅड जिला आवळतात ती चाकामागची लोखंडी तबकडी) टाकलं तर डाव्याला तव्यावर पडल्यासारखं चुर्र झालं आणि उजव्याला नुसतं ओलं झालं. इतकं पुरे होतं खरं तर, पण शेजारच्यांकडे एसीच्या कामाची टेम्परेचर गन आहे ती मागून आणली आणि मामाला सोसायटीबाहेर एक मोठा फेरा मारून आणायला लावला. डावीकडची डिस्क १६८, उजवीकडची ६१.

गाडी म्हणजे २०१० ची फोक्सवॅगन पसाट, दोन लिटर डिझेल. मामाने २०२२ मध्ये पुण्यातूनच सेकंडहँड घेतलेली. (हे मुद्दाम सांगतोय कारण चिपळूणची गाडी म्हटलं की प्रत्येक जण पहिलं विचारतो "पुरात होती का?" नाही, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा ही गाडी पुण्यात कोरड्या पार्किंगमध्ये होती.) या गाडीत हँडब्रेकचा दांडा नाही. डॅशबोर्डवर एक बटण आहे, ते दाबलं की मागून घुर्रर्र आवाज येतो आणि हँडब्रेक लागतो, ब्रेकवर पाय ठेवून परत दाबलं की सुटतो. मामा त्याला अजूनही "लिफ्टचं बटण" म्हणतो.

मामाचं म्हणणं एकच, "लायनर संपलेत, टाकून दे, दोन तासाचं काम." मला ते पटत नव्हतं, कारण मागचे पॅड दीड वर्षापूर्वीच नवे टाकलेले, गाडी त्यानंतर जेमतेम १४ हजार चाललेली, आणि नुसते पॅड संपले असते तर दोन्ही बाजूंचे जवळजवळ सारखेच संपले असते. एकाच बाजूची डिस्क शंभर डिग्री जास्त तापते म्हणजे ती बाजू चालत्या गाडीत घासत राहतेय. ती का घासतेय हे न बघता नवे पॅड टाकले असते तर तेही चार महिन्यांत गेले असते.

मग खोदून खोदून विचारल्यावर मामाने अजून एक गोष्ट सांगितली, की पावसाळ्यात दोनदा डॅशवर पिवळा दिवा लागून गेला होता. "गेला ना आपोआप, मग कशाला सांगू?"

आता इथे ही सिस्टीम आतून कशी आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. या गाडीत मागच्या प्रत्येक कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कला आवळणारा जबडा) पाठीवर एक छोटी मोटर बसवलेली असते. मोटरच्या आत दातेरी पट्टा आणि गिअर आहेत, मोटरचे १५० फेरे होतात तेव्हा आतल्या स्पिंडलचा एक फेरा होतो, म्हणून एवढीशी मोटर अख्खी गाडी उतारावर धरून ठेवू शकते. स्पिंडल म्हणजे आटे असलेला दांडा, त्याच्यावर एक नट, आणि तो नट पिस्टनच्या, म्हणजे पॅडला ढकलणाऱ्या पोकळ दट्ट्याच्या, पोटात बसलेला. बटण दाबलं की स्पिंडल फिरतं, नट स्वतः फिरत नाही पण पुढे सरकतो, पिस्टनला आतून ढकलतो, पॅड डिस्कला आवळले जातात, मोटरचा करंट ठराविक पातळीला गेला की कंट्रोलर मोटर बंद करतो. सोडताना उलटं, पण नट पूर्ण मागे जात नाही, फक्त पॅड मोकळे होण्यापुरता. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येत जातो आणि नट दरवेळी त्याच्या मागे मागे. म्हणजे गाडी जुनी असो नवी असो, हँडब्रेक सुटलेला असला तरी नट पिस्टनच्या अगदी पाठीशी उभाच असतो, दार लोटलंय पण मागे कोणीतरी पाय लावून बसलंय असं समजा.

आणि नेमकं इथेच गॅरेजवाले फसतात. पुढच्या चाकाची सवय हाताला असते, सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा) लावला, पिस्टन आत दाबला, नवे पॅड टाकले, संपलं. मागे क्लॅम्प लावला की पिस्टन मिलीमीटरभर आत जातो आणि थांबतो. मिस्त्रीला वाटतं गंजलाय, मग तो आणखी आवळतो, ते सगळं बळ नटावर, स्पिंडलवर आणि त्या गिअरवर जातं. जुन्या दांड्याच्या हँडब्रेकवाल्या बऱ्याच गाड्यांमध्ये मागचा पिस्टन फिरवत आत घालावा लागतो, त्याचं एक टूल मिळतं, ते इथे लावलं तरी उपयोग नाही. इथे आधी नट मागे घ्यायचा, मग पिस्टन सरळ दाबायचा, फिरवायचा नाही. (सगळ्या बटणवाल्या गाड्या अशाच असतात असंही नाही, काहींमध्ये मोटर केबल ओढते, काहींमध्ये डिस्कच्या पोटात वेगळे शू असतात, त्यांची पद्धत वेगळी.)

शनिवारी सकाळी सुरुवात केली. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, गिअर पी मध्ये, हँडब्रेक सोडलेला, मग मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर. मागची चाकं काढायची आणि हँडब्रेकही सोडलेला, म्हणजे गाडीला धरून ठेवणारं जे काय आहे ते पुढेच, म्हणून ठोकळ्यांचा आळस करू नये. बॅटरीला चार्जर लावून ठेवला, कारण किल्ली चालू ठेवून तास-तास काम चालतं आणि व्होल्टेज पडलं तर प्रोसेस अर्ध्यातच सोडून देते, एक मोटर मागे गेलेली एक नाही अशी अवस्था होते.

लॅपटॉपला गाडी तपासायची केबल लावली, कंट्रोलर ५३ म्हणजे पार्किंग ब्रेक उघडला. आत बिघाडाचा एक कोड बसलेला, ०२४३२, डाव्या पार्किंग मोटरचा सप्लाय व्होल्टेज, कधी येतो कधी जातो अशा प्रकारचा. मामाचा पिवळा दिवा सापडला. बेसिक सेटिंगमध्ये ग्रुप ७ म्हणजे पॅड बदलण्याचा मोड, त्यात नट पूर्ण मागे जातात. चालू केला. उजवीकडून घुर्रर्र करत लांबलचक आवाज आला, नीट थांबला. डावीकडून आधी काहीच नाही, मग टक्, मग कण्हल्यासारखा आवाज, आणि बंद. परत केलं, परत तेच.

चाकं खोलली. उजवीकडचे पॅड बघून बरं वाटलं, दोन्हीवर मटेरियल ७ मिमीच्या आसपास शिल्लक. डावीकडे बाहेरचा पॅड ३ मिमी, आतला मात्र १ सुद्धा नाही, एका टोकाला तर लोखंडी प्लेट डिस्कला लागायला सुरुवात झालेली, डिस्कवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा. डिस्क नवी असते तेव्हा १२ मिमी, १० च्या खाली वापरायची नाही (किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते), डावी ९.८ भरली. म्हणजे डिस्कही गेली, आणि एका एक्सलवर एक जुनी एक नवी कोणी टाकत नाही, म्हणजे दोन्ही. मामा बाजूला खुर्ची टाकून बसला होता, त्याला म्हटलं खर्च वाढला, तो म्हणाला "मी वास आला तेव्हाच ओळखलेलं."

माझा पहिला संशय गाइड पिनवर होता, म्हणजे ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्यांच्यावर. कोकणातला पाऊस, लाल चिखल, पिनांचे रबर फाटतात, ग्रीस धुऊन जातं, कॅलिपर सरकायचा बंद होतो आणि एकच पॅड खातो, हे नेहमीचं आहे. पण दोन्ही पिना बोटाने ढकलल्या तर लोण्यासारख्या सरकत होत्या. रबरंही शाबूत. पिस्टनच्या तोंडावरचं रबरही ठीक, कुठे गळती नाही. म्हणजे कॅलिपर मोकळा आहे, पिस्टन बाहेरून गंजलेला नाही, तरी तो मागे यायला तयार नाही. उरलं काय तर पोटातला नट.

कोड सप्लाय व्होल्टेजचा होता म्हणून मोटरवर आळ घ्यायच्या आधी वायरिंग बघितलं. चाकाकडे जाणारी वायर दर खड्ड्याला वर-खाली हलते, आतून तुटलेली निघू शकते. मोटरचा कनेक्टर काढून त्यात टेस्ट लॅम्प लावला, मामाला बटण दाबायला सांगितलं, दिवा क्षणभर लख्ख पेटला. वायर हातात धरून वाकवत परत केलं, तरी लख्ख. वायर बरी होती.

मग मोटर काढायला घेतली, दोनच टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीच्या खाचेचे) स्क्रू. वरच्या स्क्रूला बिट लावायला गेलो तर त्याचं डोकं आधीच चावलेलं. कंपनीतून असा स्क्रू येत नाही. म्हणजे माझ्या आधी कोणीतरी इथे येऊन गेलेलं होतं. मोटर बाहेर आली तशी तिच्या गळ्यातली ओ-रिंग (पाणी आत जाऊ नये म्हणून असलेलं रबरी कडं) पण लोंबत आली, एका जागी चपटी झालेली आणि तिथून नखाएवढा तुकडा गायब, मोटर बसवताना खाचेत न बसता कडेवर चिमटली गेली की होतं तसं. आणि मोटरच्या तोंडात ग्रीसच्या जागी विटकरी रंगाचा चिखल. कागदाने पुसला तर पाणी सुटलं, नोव्हेंबर महिन्यात.

मी मामाकडे बघितलं. "मागच्या वेळी पॅड कोणी टाकले?"

"आमच्याकडच्याच एका मिस्त्रीने. चांगला आहे रे. लॅपटॉप-बिपटॉप काय नाय लावला, अर्ध्या-पाऊण तासात दोन्ही बाजू करून दिल्या. मीच म्हटलं, बघा, शोरूमवाले उगाच घाबरवतात."

आता त्या मिस्त्रीची बाजूही सांगायला हवी, कारण त्याने जे केलं ते अडाणीपणाचं नव्हतं. स्कॅनर नसेल तर मोटर काढून स्पिंडल हाताने, पान्याने फिरवून नट मागे घेता येतो, मग पिस्टन अलगद आत जातो. क्लॅम्पने ठोकून गिअर मोडणाऱ्यापेक्षा हा माणूस शंभर पट बरा, त्याला आत काय आहे ते माहीत होतं. फक्त मोटर परत बसवताना ओ-रिंग नवी टाकायची, निदान जुनीला ग्रीसचं बोट लावून खाचेत बसली का ते बघायचं, हे दहा सेकंदांचं काम राहिलं. उजवीकडे त्याच्याच हातून ती बरोबर बसली होती (नंतर उघडून बघितली, कोरडी पण अखंड). डावीकडे चावली गेली. पॅड टाकले जूनच्या सुरुवातीला, पुढे चिपळूणचे दोन पावसाळे, चाकाचं पाणी थेट त्या फटीवर. मोटर आतून गंजत गेली, टर्मिनलवर हिरवट-पांढरं फूल आलेलं. आवळताना ती कशीबशी आवळायची, सोडताना नट जेवढा मागे यायला हवा तेवढा यायचा नाही. मामा गाडी सुरू करून निघायचा, पॅड डिस्कला टेकलेलेच. थोडंसंच, म्हणून गाडी ओढतेय असं त्याला कधी जाणवलं नाही, ॲव्हरेज कमी झालं ते त्याने डिझेलच्या भेसळीवर टाकलं होतं.

मोटर साफ करून वाचते का ते बघितलं, पैसे वाचले तर कोणाला नको. टर्मिनल घासली, बाहेरच बॅटरीच्या दोन वायरी लावल्या, एका दिशेला अडखळत फिरली, वायरी उलट केल्या तर थरथरली आणि थांबली. ब्रेकच्या बाबतीत अडखळणारी गोष्ट परत लावायची नाही हे माझं ठरलेलं आहे, मामाने "चालेल की" म्हटलं तरी. नवी मोटर एकटी मिळते, अख्खा कॅलिपर घ्यायची गरज नाही. भवानी पेठेत एका ठिकाणी मिळाली साडेसात हजारांना, ओ-रिंग आणि स्क्रू सोबत. पॅडचा सेट, दोन डिस्क, कॅलिपरचे नवे बोल्ट (ते सेल्फ लॉकिंग असतात, एकदा काढले की टाकून द्यायचे, पॅडच्या चांगल्या सेटमध्ये सोबतच येतात) धरून सगळं सतरा हजारांच्या घरात गेलं. ओ-रिंगची किंमत मी मामाला सांगितली नाही.

रविवारी जोडायला घेतलं. डावीकडचा नट आधी हाताने स्पिंडल फिरवून मागे घेतला, मग नवी मोटर बसवली, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, खाचेत बसल्याचं आरशात बघून मगच स्क्रू. कोड पुसला, परत ग्रुप ७, आणि आता दोन्हीकडून एकसारखा घुर्रर्र, एकाच वेळी थांबला. ऐकायला इतकं बरं वाटलं की मी उगाच आणखी एकदा करणार होतो.

डिस्क काढायला कॅलिपरचं ब्रॅकेट काढावं लागतं, त्याचे बोल्ट बारा दातांच्या स्प्लाइनचे, १४ नंबर. हे बोल्ट टॉर्क्सच्या बिटाने खोलायचा प्रयत्न करून त्यांची डोकी गोल केलेल्या गाड्या मी बघितल्यात, मग वेल्डिंगवाल्याला बोलवा. योग्य बिट हातोडीने ठोकून पूर्ण बसवला आणि लांब दांडा लावला, कटकन सुटले. बसवताना ९० न्यूटन मीटर (बोल्ट किती आवळायचा त्याचं माप) आणि वर पाव फेरा.

ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडं ठेवून पिस्टन आत दाबले, हळूहळू, कारण तेल मागे टाकीत चढतं आणि सांडलं तर रंग खातं. आदल्या दिवशी जो पिस्टन जागचा हलत नव्हता तो क्लॅम्पच्या दोन बोटांच्या जोरावर सरकत आत गेला. मामा उठून बघायला आला. "एवढंच होतं?" म्हणाला. एवढंच होतं.

मग एक प्रकार झाला. डावीकडचे पॅड बसवून माझी बोटं उजव्या कॅलिपरच्या तोंडात, पॅडची क्लिप बसवतोय, आणि मामा फोन चार्जिंगला लावायला गाडीत जाऊन बसला, किल्ली चालू होतीच, आणि सवयीने त्याने ते लिफ्टचं बटण दाबलं. मला टिक् ऐकू आलं आणि पोटात गोळा आला. काहीच झालं नाही, कारण पॅड बदलण्याच्या मोडमध्ये बटण काम करत नाही, डॅशवर नुसता दिवा लुकलुकत राहतो. मोटर काढून हाताने नट मागे घेण्याच्या पद्धतीत ही सोय नसते. तिथे कोणी बटण दाबलं तर मोटरला समोर डिस्क आहे की बोट आहे हे कळत नाही, करंट वाढेपर्यंत ती आवळत जाणार, आणि समोर काहीच नसेल तर पिस्टन पार बाहेर ढकलला जाणार, मग रबर फाटून तेल गळणार आणि काम दुप्पट. त्यानंतर किल्ली काम संपेपर्यंत मामाकडे नव्हती.

कॅलिपरचे बोल्ट ३५ न्यूटन मीटर, पिनेला मागून पाना धरून, नाहीतर पिन फिरते आणि तिचं रबर पिळवटतं. मग आधी ब्रेक पेडल सात-आठ वेळा हळू दाबलं, पहिल्या दोन-तीनला ते पार खाली जातं, घाबरायचं नाही, पिस्टन पॅडपर्यंत येतायत. कडक लागल्यावर मगच लॅपटॉपवर ग्रुप ६, म्हणजे मोड बंद, नट परत पिस्टनच्या पाठीशी. हा क्रम उलटा करू नये, पिस्टन आत दबलेला असताना मोटरनेच सगळं अंतर कापायचं म्हटलं तर ती उगाच ताणली जाते. शेवटी ग्रुप १०, फंक्शन टेस्ट, ब्रेक आपोआप लागतो-सुटतो, मागून घुर्रर्र-घुर्रर्र. कोड पुन्हा वाचले, एकही नाही. चाकांचे बोल्ट १२०, गाडी खाली.

टेस्टला निघालो तेव्हा पहिले काही किलोमीटर ६० वरून २० वर आणत दहा-बारा वेळा मध्यम ब्रेक मारले, पूर्ण न थांबता, नवे पॅड नव्या डिस्कवर बसायला. मग कात्रजच्या जुन्या घाटात एका चढाला थांबून बटण दाबलं, पाय काढला, गाडी जागची हलली नाही. मामाने मागे जाऊन डिकीला ढकलूनही बघितलं, का ते विचारू नका. घरी येऊन टेम्परेचर गन लावली, डावं ६४, उजवं ६१.

मंगळवारी मामा परत गेला. संध्याकाळी फोन. कुंभार्ली घाट उतरून खाली आल्यावर त्याने चहाला गाडी थांबवली आणि बाटली घेऊन चारही चाकांवर पाणी टाकत फिरला.

"मागची दोन्ही नुसती वाफ सोडतात. पण अरे, पुढची दोन्ही चुर्र करतायत!"

"दोन्ही सारखीच करतायत ना?"

"हो."

"घाट उतरलास मामा, होणारच. आता ती बाटली आत ठेव, तापलेल्या डिस्कवर पाणी टाकू नये."

"मग तू परवा टाकलंस ते?"